नोंदीचे मोल जाणणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ते थेट कपाटात जात नाही. आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. क्रमांक, तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत, खरेदीचे की देणगीचे, हे सारे लिहिले जाते. मग त्याला वर्गांक मिळतो, तालिकापत्र तयार होते आणि त्यानंतरच ते वाचकाच्या हाती पडते. वरवर पाहणाऱ्यास हे केवळ कारकुनी काम वाटते. परंतु हजारो ग्रंथांच्या संग्रहातून ती एक वही आणि ती तालिकापत्रे काढून घेतली, तर मागे उरतो तो ग्रंथसंग्रह नव्हे, नुसता कागदांचा ढीग असतो. वस्तूविषयीच्या या माहितीला संगणकाच्या युगात मेटाडेटा असे नाव मिळाले आहे. आपल्या भाषेत तिला माहितीची माहिती म्हणता येईल.

भौतिक शास्त्रांच्या संशोधनात या माहितीच्या माहितीला फार मोठे स्थान आहे. प्रयोगशाळेत मोजलेला आकडा एकटा असतो तेव्हा मुका असतो. तो कोणत्या नमुन्याचा, कोणत्या तराजूवर, कोणत्या तापमानात, कोणी आणि केव्हा मोजला, नमुना कोठून आला आणि मोजण्यापूर्वी त्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे सोबत असेल तरच तो आकडा बोलू लागतो. हे सत्य ज्याने मेटाडेटा हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच आपल्या कामातून दाखवून दिले, असा एक थोर संशोधक गोमंतकाच्या मातीत जन्मला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांची ख्याती जगभर झाली. परंतु त्यांचा मूळ पिंड गणित्याचा होता आणि त्यांच्या इतिहासलेखनाचा पाया एका नाजूक तराजूवर रचला गेला होता, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या फारशी ध्यानात येत नाही.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. पिता धर्मानंद कोसंबी हे सांखवाळचे. औपचारिक शिक्षणाचा आधार नसताना केवळ बौद्ध धर्म जाणून घेण्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी खडतर भ्रमंती करून ते पाली भाषेचे जगन्मान्य पंडित झाले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. त्या कामासाठी १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा अकरा वर्षांचे बाबा त्यांच्यासोबत गेले. एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहण्याची शिस्त मुलाने लहानपणीच पित्याच्या मेजावर पाहिली. पुढील आयुष्यात तिचा उपयोग झाला.

१९२९ साली हार्वर्डची पदवी उच्च सन्मानासह मिळवून कोसंबी मायदेशी परतले. काशी हिंदू विश्वविद्यालय व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला शोधनिबंध लंबवर्तुळाकार कक्षेच्या भ्रमणासंबंधी, म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्रांगणातलाच होता. पुढे अवकलन भूमितीतील त्यांचे संशोधन एली कार्तां व चर्न या दोन थोर गणित्यांच्या नावांशी जोडले गेले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. अलीगढला आंद्रे वेय हे फ्रेंच गणिती त्यांचे सहकारी होते. त्यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एक निबंध लिहिला आणि त्यातील मूळ प्रमेयाचे श्रेय बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणित्यास दिले. असा कोणी रशियन गणिती नव्हताच. ती विद्वानांची थट्टा होती. पुढे काही वर्षांनी फ्रान्समधील तरुण गणित्यांच्या मंडळाने हेच नाव धारण केले आणि ते जगप्रसिद्ध झाले. थट्टा निरुपद्रवी होती. पण ती हेही सांगून जाते की छापील पानावरील नाव आणि संदर्भ वाचक विश्वासाने स्वीकारतो, आणि खोटी नोंद एकदा छापली गेली की ती खऱ्या नोंदींच्या रांगेत जाऊन बसते. ज्यांनी ही गंमत केली त्यांनीच पुढील आयुष्य खऱ्या नोंदींच्या शोधात वेचले, हे विशेष.

पुण्यात असताना कोसंबी संख्याशास्त्राकडे वळले. कोणतेही शास्त्र शिकायचे ते प्रत्यक्ष प्रश्नाला हात घालूनच, हा त्यांचा बाणा होता. त्यांनी निवडला तो प्राचीन भारतातील आहत नाण्यांचा प्रश्न. ही नाणी चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, त्यांवर निरनिराळ्या चिन्हांचे ठसे उमटवून केलेली असत. सूर्य, चक्र, डोंगर, पशू, वृक्ष अशी चिन्हे त्यांवर दिसतात. परंतु राजाचे नाव नाही, साल नाही, टांकसाळीचे गाव नाही. नाणकशास्त्रज्ञ त्या चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतले होते आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा येत होता. कोसंबींनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी नाणी तोलण्यास आरंभ केला.

त्यामागील विचार साधा, पण मूलगामी होता. नाणे टांकसाळीतून बाहेर पडते तेव्हा त्याचे वजन ठरीव मापाजवळ असते. कार्षापणाचे प्रमाण ३२ गुंजांचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमचे. नंतर ते हातोहात फिरते, थैलीत इतर नाण्यांवर घासते, सराफाच्या फळीवर आपटते. प्रत्येक व्यवहारात त्याची किंचित झीज होते. एका नाण्याची झीज किती होईल हे सांगता येत नाही, कारण एखादे नाणे वर्षानुवर्षे पेटीत पडून राहते, तर दुसरे रोज बाजार पाहते. परंतु शेकडो नाण्यांचा समूह घेतला की नियम प्रकट होतो. काळ जातो तसे सरासरी वजन क्रमाने घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनांची तफावत वाढत जाते. समूहाला लागू पडणारा हा नियम वायूच्या कणांना लागणाऱ्या नियमासारखाच आहे. एक कण कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही, पण असंख्य कणांचे वर्तन गणिताने सांगता येते.

पण हा नियम खरा कशावरून? येथे कोसंबींची शास्त्रीय बुद्धी दिसून येते. त्यांनी आपल्याच काळातील, बाजारात चालू असलेली नाणी मोठ्या संख्येने गोळा करून तोलली. या नाण्यांवर पाडल्याचे साल छापलेले असते, म्हणजे ती आपली जन्मनोंद स्वतःच्या अंगावर वागवीत असतात. त्यामुळे अमुक वर्षे फिरलेल्या नाण्याची सरासरी झीज किती, हे निश्चितपणे काढता आले. सरासरी वजनाची घट आणि तफावतीची वाढ अपेक्षेप्रमाणे आढळली. ज्याचे साल ठाऊक आहे त्यावरून, ज्याचे साल ठाऊक नाही त्याकडे जाण्याचा पूल अशा रीतीने तयार झाला. १९४० पासूनच्या काही वर्षांत त्यांनी हे निष्कर्ष करंट सायन्स व अन्य नियतकालिकांतून मांडले.

आता खरी कसोटी होती ती तक्षशिलेच्या नाण्यांची. तेथील भीर टेकाडाच्या उत्खननात जॉन मार्शल यांच्या कारकिर्दीत आहत नाण्यांचे दोन महत्त्वाचे साठे सापडले होते, एक १९१२ साली आणि दुसरा, हजारांहून अधिक नाण्यांचा, १९२४ साली. मोठ्या साठ्यात अलेक्झांडरची जवळजवळ नवीकोरी नाणी होती. त्यावरून तो साठा इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, असे अनुमान निघाले. दुसऱ्या साठ्यात डायोडोटस या ग्रीक राजाचे नाणे होते, म्हणून तो सुमारे अर्ध्याअधिक शतकाने नंतरचा ठरला. या मोजक्या परदेशी नाण्यांनी शेकडो मुक्या नाण्यांना काळ बहाल केला.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. उत्खनन करणाऱ्यांनी कोणते नाणे कोणत्या भांड्यात, कशाच्या संगतीने मिळाले याची नोंद ठेवली नसती तर? ग्रीक नाणी सुंदर म्हणून वेगळ्या काचपेटीत गेली असती आणि उरलेली चांदी एका थैलीत एकत्र झाली असती तर? नाणी तीच राहिली असती, त्यांतील चांदी तीच राहिली असती, तराजूही तेच वजन दाखवता. परंतु त्या वजनाला अर्थ उरला नसता. झिजेचा नियम चालतो तो एकाच साठ्यातील, एकाच वेळी जमिनीत गेलेल्या आणि म्हणून एकाच क्षणी ज्यांचे फिरणे थांबले अशा नाण्यांना. दोन साठे मिसळले की गणित कोलमडते. आणि मिसळलेले साठे पुन्हा वेगळे करण्याचा उपाय कोणत्याही गणितात नाही.

मोठ्या साठ्याच्या अभ्यासात कोसंबींना आणखी एक दुवा सापडला. आहत नाण्यांच्या पुढच्या बाजूस मोठे ठसे असत, तर मागील बाजूस कित्येकदा बारीक खुणा असत. या मागील खुणा जसजशा वाढत जातात तसतसे सरासरी वजन कमी होत जाते, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की या खुणा राजाच्या टांकसाळीच्या नसून, नाणे वेळोवेळी पारखून घेणाऱ्या व्यापारी श्रेणींच्या असाव्यात. म्हणजे ज्या नाण्यावर काहीच लिहिलेले नाही असे वाटत होते, त्यावर त्याच्या प्रवासाचा दाखला होताच. ग्रंथालयाच्या पुस्तकाला चिकटवलेल्या तारीखपत्रावर जसे शिक्के पडत जातात आणि पुस्तक किती हातांतून गेले ते सांगतात, तसाच हा प्रकार होता. तो वाचण्यास तराजू आणि संख्याशास्त्र यांची जोड हवी होती, इतकेच.

या संशोधनातून केवळ नाण्यांचा क्रम लागला असे नव्हे. नंतरच्या साठ्यातील नाण्यांचे वजन ढिले आणि धातूत तांब्याचे प्रमाण अधिक, हे रासायनिक पृथक्करणाशी जुळवून पाहून कोसंबींनी मौर्य काळातील राज्याच्या आर्थिक ताणाविषयी अनुमाने मांडली. राजे-महाराजांच्या कथांऐवजी उत्पादन, व्यापार व समाजजीवन यांवर उभारलेली इतिहासाची जी दृष्टी १९५६ सालच्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना या इंग्रजी ग्रंथात प्रकटली, तिचा एक पाय या तराजूवर रोवलेला आहे. पुढच्या नाणकशास्त्रज्ञांनी त्यांचे सर्वच निष्कर्ष मान्य केले असे नाही. प्राचीन काळच्या झिजेचा वेग सर्वत्र सारखा होता का, मागील खुणांचा अर्थ सर्व ठिकाणी एकच लावावा का, असे प्रश्न उपस्थित करता येतात. परंतु हा वाद करता येतो तो तरी कशामुळे? प्रत्येक नाण्याचे वजन, त्याचा साठा आणि त्यावरील चिन्हे यांची नोंद उपलब्ध आहे म्हणूनच. चुकीचा निष्कर्ष पुढच्या पिढीला दुरुस्त करता येतो. हरवलेली नोंद दुरुस्त करता येत नाही.

हीच शिस्त कोसंबींनी अन्य क्षेत्रांतही पाळली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना त्यांनी देशभरातील तीनशेहून अधिक हस्तलिखितांचा धांडोळा घेतला. प्रत्येक पोथी कोठली, कोणत्या लिपीतली, तीत कोणते श्लोक आहेत आणि कोणते नाहीत, याची छाननी करून त्यांनी पोथ्यांचे गट पाडले. ती आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पुढे वासुदेव गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश संपादित केला आणि १९५७ साली तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरून हिंडताना ते अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे वेचीत. परंतु त्यांच्या लेखी हत्यारापेक्षा त्याचे स्थान अधिक मोलाचे होते. ती गारगोटीची पाती कोणत्या वाटेवर मिळतात, त्या वाटा धनगरांच्या, पालख्यांच्या व आडबाजूच्या मातृदेवतांच्या ठाण्यांशी कशा जुळतात, हे त्यांनी पायी फिरून पडताळले. १९४७ साली त्यांनी गोव्यातील जुन्या काबिजादींच्या गावकारी पद्धतीवर लिहिलेला निबंध नंतर १९६२ सालच्या मिथ अँड रिअॅलिटी या ग्रंथात समाविष्ट झाला. जन्मभूमीचे ऋण त्यांनी भावनेच्या शब्दांनी नव्हे, अभ्यासाने फेडले.

१९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. घर पुण्यात आणि काम मुंबईत. डेक्कन क्वीनने त्यांची ये-जा सुरू झाली. परंतु उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीवर देशाने भर द्यावा, हे त्यांचे मत आणि जागतिक शांतता चळवळीतील त्यांचा सहभाग यांमुळे अधिकारी वर्तुळात ते एकाकी पडत गेले. १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकासंबंधी निबंध प्रसिद्ध केला. त्यातील सिद्धता सदोष ठरली आणि त्यांच्या कीर्तीला धक्का बसला. १९६२ साली संस्थेशी त्यांचा संबंध संपला. तरीही लेखणी थांबली नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांनी शास्त्रीय नाणकशास्त्र जगापुढे मांडले आणि अवघ्या काही महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्या माणसाने नोंदीचे मोल इतरांस शिकविले, त्याच्या स्वतःच्या कामाच्या नोंदीची मात्र आबाळ झाली, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रातील एक महत्त्वाची पद्धत भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात मांडली. परंतु दूरदेशीच्या अभ्यासकांच्या दृष्टीस ती वेळेवर पडली नाही आणि आज ती पद्धत कारहुनेन व लोएव्ह या दोघांच्या नावाने ओळखली जाते. काही निबंध त्यांनी टोपणनावाने लिहिले. तेही शोधणाऱ्यास अडचणीचेच ठरले. याउलट, आनुवंशिकशास्त्रात गुणसूत्रावरील अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र योग्य नियतकालिकात, योग्य वाचकांसमोर आले, म्हणून ते कोसंबींच्याच नावाने आजही जगभर वापरले जाते. दोन्ही कामे एकाच बुद्धीची. एकाची नोंद ज्यांना हवी त्यांच्या हाती लागली, दुसऱ्याची लागली नाही, एवढाच काय तो भेद.

त्यांचे विखुरलेले लेखन गोळा करण्याचे काम पुढील पिढ्यांनी केले. नाण्यांवरील निबंधांचा संग्रह १९८१ साली, इतिहासविषयक निबंधांचा २००२ साली, तर गणित व संख्याशास्त्र यांवरील निवडक निबंधांचा २०१६ साली प्रसिद्ध झाला. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि गोव्यात त्यांच्या नावाने व्याख्यानांचा विचार महोत्सव सुरू झाला. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाला, ही गोमंतकीयांना समाधान देणारी गोष्ट होय.

हळर्णसारख्या गावाला या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. येथील किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि त्या विजयाची खूण म्हणून त्या वेळच्या व्हाइसरॉयाने या गावाचे नाव आपल्या सरदारकीच्या पदवीत धारण केले. पेडणे-डिचोलीच्या या टापूतून अनेक राजवटी गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची नाणीही फिरली. कुळागरात खणताना, पडक्या घराचा पाया उकरताना एखादे काळवंडलेले नाणे हाती आले, तर पहिला मोह होतो तो चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा आणि दुसरा शेटाकडे नेऊन मोल विचारण्याचा. घासण्याने वजन जाते आणि विकण्याने ठिकाण जाते. मग उरतो तो केवळ धातू. त्याऐवजी ते न घासता, कोठे, किती खोल, कशाच्या सोबत आणि कोणत्या दिवशी मिळाले एवढे चार ओळींत लिहून पुरातत्त्व खात्याकडे सोपविले, तर त्या चार ओळी पुढच्या एखाद्या कोसंबीला पुरेशा होतील. जुन्या पोथ्या, गावकारीचे कागद, देवस्थानांचे हिशेब यांनाही हाच न्याय लागू आहे.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयाची खरी संपत्ती कोणती, या प्रश्नाचे उत्तर कोसंबींच्या आयुष्यात सापडते. ग्रंथ तर संपत्ती आहेतच. वाळवी लागून एखादे पुस्तक गेले तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी मिळू शकते. परंतु ते पुस्तक कोणी दिले, केव्हा आले आणि किती हातांनी ते वाचले, हे सांगणाऱ्या नोंदवहीची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. ती वही जपणारे, रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तीत नेटकी अक्षरे उमटविणारे ग्रंथपाल, हे त्या अर्थाने कोसंबींच्याच कुळीचे होत.